पाणी 'बाधलं' की 'लागलं'?

माळरान: सासरी (बीडकडे) कुणाला जुलाब लागले की "पाणी बाधलं" म्हणतात, कधी "पाणी लागलं". दोन्ही एकच का? पाणी दूषित आहे असं मात्र कुणी म्हणत नाही.

बांधावरची: आमच्याकडे तरी एकच नाही. 'लागतं' ते परगावचं पाणी. नव्या सुनेला, बदलीवर आलेल्या मास्तरांना, ऊसतोडीला गेलेल्यांना. तिथल्या माणसांना काही होत नाही, म्हणजे खोट पाण्यात नाही, सवयीत. 'बाधतं' मात्र काहीही: शिळं कालवण, वारं, नजर, अमावास्येला ओलांडलेला उतारा. डॉक्टर काय नि देवऋषी काय, दोघांपुढे "काहीतरी बाधलंय" एवढं सांगितलं की भागतं.

जुनाट: देवी तर 'येत' असत. रोग कुठला, पाहुणीच ती! १९८० साली ती जगातून गेल्याचं जाहीर झालं, पण आमची आजी लस टोचण्याला शेवटपर्यंत 'देवी काढणं'च म्हणायची. पटकी (कॉलरा) आली की मरीआईचा गाडा शिवेवर नेऊन सोडायचा, पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. साथ गावोगाव फिरते हे लोकांनी बरोबर हेरलं होतं. ती पाण्यातून फिरते, हे नाही.

कोशकिडा: यात 'विटाळ' हवाच. कोशात नुसतं 'अशुद्धता' दिलं तर दिशाभूल होते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत, त्याने ते बाटत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक ते पाणी प्यायले, तेव्हा बाटलं. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. शेण-गोमूत्र पाण्यात घालून! विटाळ घाणीचा नसतो हो, माणसाचा असतो. बाईच्या पाळीलाही तोच शब्द आहे, आणि तिथेही घाणीचा संबंध नाही.

माळरान: हे छानच. आता आमची गंमत ऐका. विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकली की सासूबाई म्हणतात, "वास येतोय, हे पाणी बाधंल", आणि ओढ्यातून हंडा भरून आणतात!

बांधावरची: पावडर कोरडीच टाकत असतील. बादलीत कालवून, चोथा खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी विहिरीत ओतायची. तासभर कुणी पाणी भरायचं नाही. वास बराच कमी होतो. तोवर ओढ्याचं पाणी उकळून घ्या म्हणावं.