आईचा आयएनआर कधी १.७ तर कधी ५.४, रक्ताच्या गोळीचं गणितच कळत नाहीये. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई ५८ वर्षांची. लहानपणी घसा यायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे, त्यातूनच हार्टची झडप खराब झाली हे आम्हाला कळेपर्यंत ती चार पायऱ्या चढून थांबायला लागली होती. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन होऊन मायट्रल झडप बदलली, मेटलची बसवलीय. रात्री सगळं निजानीज झालं की तिच्या शेजारी झोपल्यावर टिक टिक ऐकू येते, मला ती ऐकली की बरं वाटतं.

तेव्हापासून अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, एक दिवस दोन एमजी एक दिवस तीन. फाइलवर लिहून दिलंय की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) अडीच ते साडेतीन पाहिजे. पहिलं दीड वर्ष ठीक गेलं. मग या हिवाळ्यात मळ्यातून रोज काही ना काही यायचं, मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी, आईला पालेभाजी म्हणजे जीव की प्राण, आणि जानेवारीत आयएनआर आला १.७. डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला. मार्चमध्ये तिला चार दिवस जुलाब झाले, जवळच्या दवाखान्यातून मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक आणली, चार दिवस फक्त ताक आणि पेज, आणि एका सकाळी दात घासताना हिरड्यातून रक्त थांबेना, हातावर न आपटता काळानिळा डाग. तपासलं तर ५.४. माझे हातपाय गार पडले. हार्टच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवून परत तपासायला सांगितलं, ते केलं, आता ३.८ वर आलंय, गोळी परत सुरू केलीय.

आता खरी अडचण. आत्या म्हणते हिरवी भाजी जन्मात खायची नाही. भावाने मोबाइलवर वाचलं की ही गोळी म्हणजे उंदराचं औषध आहे आणि ते त्याने आईसमोरच वाचून दाखवलं, तेव्हापासून ती गोळी हातात घेऊन बसून राहते, परवा तर चक्क उशीखाली सापडली. तिला वाटतं रक्त पातळ झालं म्हणजे अंगातलं बळ गेलं, म्हणून बीट आणि खजूर खाते. शेजारचे सांगतात आता नव्या गोळ्या निघाल्यात त्याला रक्त तपासावं लागत नाही, त्या का देत नाहीत. डॉक्टर चांगले आहेत पण ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, आणि मला तिला समजावून सांगायचंय तर आधी मला कळायला पाहिजे ना की ही गोळी शरीरात जाऊन नेमकं करते काय. कुणी साध्या भाषेत सांगेल का?

खडीसाखर:
ताई, आधी एवढंच सांगते की मी स्वतः नऊ वर्षं याच गोळीवर आहे, पुण्यात असते, नोकरी करते, दोन मुलांचं सगळं बघते. आईंना हे नक्की सांगा. पालेभाजी बंद करू नका. मीही पहिल्या वर्षी भीतीने सगळं हिरवं बंद केलं होतं आणि मग कुणाच्या डोहाळजेवणात आळूचं फदफदं दोन वाट्या खाल्लं की आयएनआर खाली. आता माझा नियम असा की आठवड्यातून तीन दिवस एक एक वाटी, हिवाळा असो उन्हाळा असो तेवढीच, आणि डॉक्टरांना मी ते सांगून ठेवलंय, गोळीचा डोस त्या खाण्याला धरून बसवलाय. कोथिंबीर वरून भुरभुरायची ती चालते, पण कोथिंबिरीच्या वड्यांचा बेत असेल तर ती पालेभाजीच झाली. गाजर, दुधी, बटाटा याची एवढी काळजी नाही.

गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घेते आणि लगेच कॅलेंडरवर त्या तारखेवर टिक करते. एखाद्या दिवशी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी डबल कधीच घ्यायची नाही.

औषधपेटी:
फार्मसिस्ट आहे, समजेल असं लिहायचा प्रयत्न करतो.

‘रक्त पातळ करायची गोळी’ हे नावच फसवं आहे आणि निम्मी भीती त्या नावातूनच येते. या गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही, हिमोग्लोबिन कमी होत नाही, अशक्तपणा येत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त त्याची गुठळी व्हायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे बीट-खजूर आवडीने खाऊदेत, पण गोळीशी त्याचा काही संबंध नाही.

आता आत काय होतं. आपलं लिव्हर रक्त गोठवणारी बरीच प्रथिनं बनवतं, त्यातल्या चार जणांचे नंबर २, ७, ९ आणि १०. ती बनली तरी कामाची नसतात, त्यांना कॅल्शियम पकडायला आकडे म्हणजे हुक लावावे लागतात, आणि ते आकडे लावायला व्हिटॅमिन के लागतं. यातला के आलाय तो कोआग्युलेशन म्हणजे रक्त गोठणे या शब्दावरून, डॅनिश-जर्मन स्पेलिंगमध्ये तो के ने सुरू होतो. ते शोधणाऱ्या हेन्रिक डाम या डॅनिश शास्त्रज्ञाला १९४३ चं नोबेल मिळालं. तर एक आकडा लावला की ते व्हिटॅमिन वापरून रिकामं होतं, पण शरीर ते टाकून देत नाही, एक एन्झाइम ते परत भरून देतं, आपण रिकामा सिलेंडर देऊन भरलेला घेतो अगदी तसं. अ‍ॅसिट्रॉम त्या भरून देणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणजे एजन्सीचं शटर अर्ध्यावर ओढते. मग लिव्हर प्रथिनं बनवत राहतं पण त्यातली बरीच बिनआकड्याची निघतात. आणि मेथी-पालक म्हणजे बाहेरून घरात आलेले भरलेले सिलेंडर. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ४८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, माणसाची दिवसाची गरज शंभरच्या आसपास, म्हणजे बघा. म्हणून जानेवारीत १.७.

मार्चमध्ये उलटं झालं, आणि दोन्ही बाजूंनी झालं. पेजेवर राहिल्याने बाहेरून येणारं के जवळपास बंद, आणि अ‍ॅसिट्रॉमचा निचरा करणारं लिव्हरमधलं जे एन्झाइम आहे त्याला मेट्रोनिडाझोल मंद करते, म्हणजे गोळी तेवढीच पण अंगात साठली जास्त. डोस तर आधीच हिवाळ्यातल्या भाजीच्या हिशोबाने वाढवलेला होता. त्यामुळे ५.४ होण्यात आईंची काही चूक नाही आणि तुमचीही नाही.

अजून एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. गोळी आधीच तयार होऊन रक्तात फिरणाऱ्या प्रथिनांना हात लावत नाही, फक्त नवीन बनणाऱ्यांवर परिणाम करते. जुनी संपायला वेळ लागतो, ७ नंबर काही तासांत निम्मा होतो पण २ नंबरला निम्मं व्हायलाच अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज डोस बदलला की उद्या आयएनआर बदलत नाही. ऑपरेशननंतर आईंना पोटात इंजेक्शनं दिली असतील, आठवतंय का? ती हेपारिनच्या जातीची असतात, लगेच काम करतात, गोळीचा जोर येईपर्यंत मधले दिवस ती भागवतात.

आंबेमोहोर:
तुमच्या भावाने वाचलं ते खोटं नाही पण अर्धवट आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाईगुरं किरकोळ जखमेतून रक्त वाहून मरायला लागली, कारण होतं स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला लागलेली बुरशी. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन बर्फातून विद्यापीठात कार्ल लिंक या शास्त्रज्ञांकडे गेला. त्यांच्या टीमला पुढे काही वर्षं घासून त्या चाऱ्यातला पदार्थ वेगळा करता आला, आणि त्यावरून बनलेलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी आणि १९५४ मध्ये माणसांसाठी आलं. १९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही तेच दिलं होतं. अ‍ॅसिट्रॉममधलं अ‍ॅसेनोकुमॅरॉल हे त्याच घराण्यातलं भावंड. उंदराला बेहिशोबी देतात, आईंना एकेक एमजी मोजून, वर रक्त तपासून देतात. हे आईंना गोष्टीसारखं सांगा, शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला मेलेल्या कालवडीचं दुःख कळेल आणि त्यातून औषध निघालं हेही कळेल.

हिरवळ:
माझ्या मते इतक्या केमिकलपेक्षा अर्जुनसाल आणि लसणाचा काढा चालू करा, माझ्या मामांना ब्लॉकेज होतं त्यांना फरक पडला, गोळी हळूहळू सोडता येईल.

औषधपेटी:
तुमचा हेतू चांगला असेल पण हे कृपया करू नका, कुणीच करू नका. ब्लॉकेज वेगळं आणि मेटलची झडप वेगळी. झडप ही रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू आहे, तिच्यावर गुठळी धरायला रक्त टपलेलंच असतं, आणि मायट्रलच्या जागी रक्ताचा वेग कमी असल्याने धोका अजून जास्त. गुठळी झाली तर झडप अडकते नाहीतर तुकडा मेंदूत जाऊन लकवा होतो. गोळी सोडायचा विषयच नाही, जन्मभर आहे. आणि जास्त लसूण किंवा कसलाही काढा, चूर्ण हे या गोळीबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

नव्या गोळ्यांचंही तेच. दुसऱ्या काही आजारांत त्या उत्तम आहेत, पण मेटलच्या झडपेवर डॅबिगॅट्रान देऊन बघितली होती, तिच्यात गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, २०१३ मध्ये निकाल छापून आलेत. डॉक्टर मुद्दाम देत नाहीत असं नाही.

घरात अंगदुखीच्या गोळ्या असतील, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, त्या आईंच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. कुठल्याही दवाखान्यात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हेच की झडप बदललीय आणि अ‍ॅसिट्रॉम चालू आहे. अँटिबायोटिक कुठलीही सुरू झाली की तीन-चार दिवसांत एक आयएनआर, हे डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

लाललाल:
लॅबमध्ये काम करते, माझ्याकडून थोडंसं. आयएनआरसाठी फिकट निळ्या झाकणाची ट्यूब असते, तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट आधीच भरलेलं असतं आणि रक्त बरोबर खुणेपर्यंतच लागतं, कमी भरलं तर आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. शीर सापडत नाही म्हणून अर्धी ट्यूब घेतली तर तुम्ही म्हणू शकता की परत घ्या. आणि शक्यतो दर वेळी एकच लॅब. वेगवेगळ्या लॅबचं केमिकल वेगळं असतं म्हणूनच १९८० च्या दशकात जगभर एक मोजमाप असावं म्हणून आयएनआर आणलं, तरी थोडा फरक राहतोच. साध्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो, आईंचा ३ म्हणजे ढोबळमानाने गुठळी व्हायला वेळ जास्त, एवढंच लक्षात ठेवा.

धागाकर्ती:
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाहीये, वाचता वाचता डोळे भरून आले. हो, पोटातली इंजेक्शनं आठवतात, आईच्या पोटावर निळे डाग पडलेले आणि मला वाटायचं नर्सने नीट दिलं नाही.

काल रात्री आईला सिलेंडरचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, म्हणजे मेथी खाल्ली की मी मागच्या दाराने सिलेंडर आणते होय. मग कालवडीचं सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प बसली आणि विचारलं, त्या शेतकऱ्याची बाकीची जनावरं वाचली का. गोळी मात्र माझ्यासमोर घेतली.

दोन गोष्टी अजून विचारायच्यात. एक, चैत्र संपला तरी तिचे गुरुवार आणि एकादशी चालूच असतात, त्या दिवशी गोळी घ्यायची का? आणि दुसरं, एक दाढ हलतेय, ती काढायला तिने मागे मला न सांगता दोन दिवस गोळी बंद केली होती, असं करतात का?

खडीसाखर:
उपवासालाही गोळी चुकवायची नाही, पाण्याबरोबर घ्यायची, मी स्वतः घेते. पण एक दिवस साबुदाणा ठीक, नवरात्रात नऊ दिवस काहीच न खाता राहणं आपल्याला जमणारं नाही, मी ते सोडलं. दाढेसाठी आपल्या मनाने बंद अजिबात नाही. माझी काढली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, आधी आयएनआर बघितला, गोळी चालू ठेवूनच काढली, टाके घातले आणि कापसाचा बोळा दाबून बसवलं. शिवाय आपल्याला दात काढायच्या आधी एक अँटिबायोटिकचा डोस असतो, झडपेला इन्फेक्शन होऊ नये म्हणून, तो त्यांना आठवणीने विचारा.

औषधपेटी:
सहमत. आणि एक कागद फ्रिजवर लावा: शौच काळी डांबरासारखी झाली, डोक्याला मार लागला, अचानक जोरात डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा हातातलं बळ गेलं, टिक टिक ऐकू येईनाशी होऊन दम लागला, तर फोनाफोनी न करता सरळ हॉस्पिटल.

धागाकर्ती:
कागद लावला, भावानेच मोठ्या अक्षरात लिहून दिला. आज तपासणी झाली, निळी ट्यूब खुणेपर्यंत भरून घेतली, आयएनआर २.९. डॉक्टरांना भाजीचं सांगितलं तर म्हणाले सोमवार, बुधवार, शनिवार एकेक वाटी ठेवा, मी त्यावर डोस बसवतो. आत्याला मी फोन करणार होते पण आईनेच केला. दाढेसाठी चिठ्ठी मिळालीय, पुढच्या मंगळवारी जायचंय, काय झालं ते इथे लिहीन.