पन्नास-साठच्या दशकातलं फर्निचर कुठे शोधावं? 'ओरिजिनल चंडीगढ' खुर्ची घ्यावी का?

अनुप_एरंडवणे

नमस्कार मंडळी. एरंडवण्यात १९६८ सालच्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. मोझेकच्या फरश्या, सागाच्या खिडक्या, सगळं शाबूत आहे. त्याला शोभेल असं त्याच काळातल्या घाटाचं फर्निचर हवंय. निमुळते पाय, हलकी चौकट, नक्षी नको. एक साइडबोर्ड, चौघांचं जेवणाचं टेबल आणि बसायला दोन चांगल्या खुर्च्या, एवढंच. जुनं मिळालं तर उत्तम, नाहीतर बनवून घेऊ. आई आमच्याकडेच असते, तिचे गुडघे दुखतात.

परवा मुंबईत ओशिवऱ्याला एका दुकानात उलट्या 'व्ही'सारखे पाय असलेली, वेताची खुर्ची पाहिली. 'ओरिजिनल चंडीगढ' म्हणाला. पाठीमागे पांढऱ्या रंगात नंबरही होता. भाव ऐकून बाहेर आलो, पण मन तिथेच आहे. घ्यावी का?

रेवती_ठाणे

अनुप, मी जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी ती खुर्ची, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात.

चंडीगढ स्विस-फ्रेंच आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएने आखलं हे आपल्याला माहीत असतं. तिथल्या कचेऱ्या, हायकोर्ट, विद्यापीठ यांचं फर्निचर मात्र मुख्यतः त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याच्या देखरेखीखाली झालं. १९५१ला तो आला आणि १९६५पर्यंत तिथेच राहिला. युली चौधरींसारख्या भारतीय आर्किटेक्टचाही त्यात हात होता. या खुर्च्या एका कारखान्यात झालेल्या नाहीत. वेगवेगळ्या सुतारांकडे कामं दिली होती, त्यामुळे अस्सल खुर्च्यांची मापंसुद्धा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. पुढे कचेऱ्यांनी त्या मोडीत काढल्या, लिलावात कवडीमोलाने विकल्या, आणि परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेऊन तिकडे लाखोंनी विकल्या. १९७२चा पुरावस्तू कायदा साधारण शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागतो, त्यामुळे या खुर्च्या त्यात बसेनात. शेवटी २०११मध्ये केंद्रीय गृहखात्याने हा वारसा विकायला आणि बाहेर न्यायला मनाई करणारा आदेश काढला. ज्या सुतारांनी त्या घडवल्या त्यातल्या बहुतेकांची नावंही कुठे नोंदलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या दुकानदाराकडे वळू. पाठीमागच्या त्या नंबरावरून खुर्ची अस्सल ठरवू नका. स्टेन्सिल आणि पांढरा रंग कुणालाही मिळतो. लिलावाची पावती, कुठल्या खात्याकडून वस्तू आली याचा कागद, असं काही दाखवत असेल तर पुढे बोला. नसेल तर ती आज बनलेली खुर्ची आहे असं धरूनच भाव करा. नवी म्हणून विकली जाणारी खुर्ची वाईट नसते. बेंगळुरूच्या फँटम हँड्ससारखे लोक याच घाटाच्या खुर्च्या उघडपणे नव्या म्हणून बनवतात आणि काम देखणं असतं. जुनी म्हणून नवी विकणं, तेवढं वाईट.

खुर्ची उलटी करायला मुळीच लाजू नका, खरी माहिती खालीच असते. हाताने विणलेल्या वेताला चौकटीत एकेक भोक पाडलेलं असतं आणि खालून वेताच्या गाठी दिसतात. मशीनवर विणलेली जाळी असेल तर चौकटीत खाच पाडून, त्यात जाळी दाबून वरून वेताची पट्टी बसवलेली असते. ती लवकर बनते, स्वस्त पडते, पण फाटली की अख्खी बदलावी लागते. मग सांधे बघा. दोन हातांनी चौकट तिरकी दाबायची. लाकडात लाकूड बसवलेला सांधा जुना झाला तरी करकरतो, हलत नाही. नुसत्या स्क्रूवर तोललेला असेल तर लगेच कळतं. बारीक भोकं दिसली तर वस्तू कागदावर ठेवून हलकेच ठोका. तांदळाच्या पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड अजून आत आहे. भोकं काळी पडलेली आणि कोरडी असतील तर सहसा घाबरायचं कारण नाही.

पॉलिशचं सांगते. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन घासा. लाखेचं पॉलिश असेल तर चिकट होऊन कापसाला तांबूस रंग येतो. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही रासायनिक पॉलिशं ढिम्म हलत नाहीत. लाखेचं पॉलिश म्हणजे वस्तू जुनीच असं नाही, पण पीयूने चकाकणारी 'साठ सालची' वस्तू निदान पुन्हा रंधून निघालेली आहे एवढं नक्की.

आणि व्हिनिअरला, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याला, नाकं मुरडू नका! आपल्याकडे भरीव साग म्हणजेच चांगलं, असा ठाम समज आहे. त्या काळातले उत्तमोत्तम डॅनिश साइडबोर्डसुद्धा व्हिनिअरचेच असतात. फक्त अशी वस्तू पॉलिशवाल्याच्या मशीनखाली देऊ नका. तो पापुद्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, एका फेरीत खालचं लाकूड उघडं पडतं.

शोधायचं म्हणाल तर ओशिवरा आहेच. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला शुक्रवार सोडून जा. तुमच्या पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, लवकर पोचलात तर बरं. पण माझा खरा भरवसा घरांवर आहे. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांमध्ये लाकडी हातांचे सोफे, पितळी टोप्यांच्या तिरक्या पायांचे टीपॉय, सरकत्या काचांची शोकेस अक्षरशः फुकट जातात. नातेवाइकांत, ओळखीत शब्द टाकून ठेवा. एक मात्र बघा: लांब हातांची आरामखुर्ची इंग्रजांच्या काळातली, आणि गोलाईचं जड, गडद फर्निचर बहुतेक तीस-चाळीसच्या दशकातलं. दोन्ही सुंदर, पण तुम्ही सांगताय तो घाट नव्हे.

मंदार_शिकागो

रेवतीताईंना दुजोरा. इथे एखाद्याचं घर रिकामं करताना सामानाची विक्री लागते, त्यात डॅनिश सागवानी वस्तू अजून बऱ्या भावात मिळतात. ड्रॉवरच्या आत किंवा पाठीवर 'डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल'चा, म्हणजे तिथल्या दर्जाच्या खुणेचा, गोल शिक्का आहे का बघतो मी. कुणी परत येताना कंटेनरमधून आणायचा विचार करत असेल तर लाकूड आधी विचारा. ब्राझिलियन रोजवुड १९९२पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय ते सीमेपार नेता येत नाही. साग असेल तर ती भानगड नाही.

अनुप_एरंडवणे

खूप आभार दोघांचे. ओशिवऱ्याची खुर्ची सोडली. टेबल आणि खुर्च्या बनवूनच घ्याव्यात असं वाटतंय. सुताराला लाकूड कुठलं सांगू? आणि आईसाठी काही वेगळं?

रेवती_ठाणे

आईंचा विचार आधी करा. या घाटाच्या आरामात बसायच्या खुर्च्या फार बुटक्या असतात, चौदा-पंधरा इंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठताना त्रास होतो. त्यांच्यासाठी बैठक अठरा इंचांवर घ्या आणि खुर्चीचे हात पुढच्या कडेपर्यंत आणा, म्हणजे उठताना टेकायला मिळतात. पाय तितकेच निमुळते ठेवले तर रूप बिघडत नाही. दोन्ही खुर्च्या एकदम सांगू नका. एक होऊ द्या, आईंना आठवडाभर त्यावर बसू द्या, मग दुसरी.

लाकूड बल्लारशाचा साग घ्या, आपल्या चंद्रपूरकडचा, रंग आणि रेषा छान असतात. जुनी इमारत पाडल्यावर निघालेल्या बर्मा सागाच्या तुळया मिळाल्या तर त्याहून उत्तम, कारण ते लाकूड वाळून, मुरून बसलेलं असतं. फक्त आतले खिळे काढून घ्यायला सांगा, नाहीतर सुतार करवतीचं पातं गेल्याचे पैसे तुमच्याकडूनच घेईल. सुताराला फोटो दाखवून भागत नाही. पायाची वरची जाडी, खालची जाडी आणि पाठीचा कल कागदावर खऱ्या मापात काढून द्या. बहुतेक वेळा पाय जाड राहतात आणि सगळी वस्तू बोजड दिसते.

वेत सैल पडला तर घाबरू नका. खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगला भिजवा आणि सावलीत वाळू द्या, पुन्हा ताठ होतो. उन्हात मात्र ठेवू नका, तडकतो.