२२ फुटी शिडाच्या होडीला आउटबोर्ड: ६ एचपी की ८?

नमस्कार मंडळी, आउटबोर्डबद्दल, म्हणजे होडीच्या मागे टांगायच्या इंजिनाबद्दल, सल्ला हवा आहे. होडी २२ फूट, पाण्यालगतची लांबी १९ फूट, माणसं-सामान धरून वजन १२०० किलोच्या आसपास. जुनं ४ एचपीचं टू-स्ट्रोक आता थकलंय. मागच्या फेरीत वारा चढला म्हणून सोबती शीड उतरवायला पुढे नाळेवर गेला. त्याच्या वजनाने मागची बाजू उचलली गेली आणि पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन नुसतं किंचाळायला लागलं. होडी वाऱ्याला आडवी होऊन खडकांकडे सरकत होती. तो मागे येऊन बसला तेव्हा कुठे पंख्याने पाणी धरलं. म्हणून आता ८ एचपी घ्यावं असं वाटतंय. की इलेक्ट्रिक घेऊ?

प्रतिसाद १
८ एचपी असतं तरी तेच झालं असतं, फक्त आवाज मोठा आला असता! तुमची अडचण ताकदीची नाही, शाफ्टच्या, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, लांबीची आहे. अशा होडीचा वेग तिची लांबीच ठरवते: पाण्यालगतच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४. तुमचं उत्तर साधारण ५.८ नॉट (ताशी सागरी मैल). त्यापुढे कितीही एचपी लावा, होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. टनाला ४ एचपी हा ढोबळ हिशेब धरला तर तुम्हाला ५ पुरतात. समोरून वारा आणि ओहोटीचा ओढा असेल तर ६ घ्या.

आणि एक, बऱ्याच कंपन्यांची ४, ५ आणि ६ एचपीची फोर-स्ट्रोक एकाच ब्लॉकवर असतात, वजन २५-२७ किलो. त्यामुळे ४ घेऊन वजन वाचत नाही. ८ ला मात्र दहाएक किलो वाढतात, तेही नेमके होडीच्या शेपटाला टांगलेले.

शाफ्ट १५, २० आणि २५ इंच असे मिळतात. इंजिन अडकवायचं ब्रॅकेट खाली घेऊन त्याच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा आणि इथे सांगा. मोजल्याशिवाय काही घेऊ नका.

प्रतिसाद २
मी इलेक्ट्रिक वापरतो. ईप्रोपल्शनचं १ किलोवॉटचं, बॅटरी १२७६ वॉट-तास. म्हणजे पूर्ण जोर दिला तर सव्वा तास, हळू नेलं तर कितीतरी जास्त. धक्क्यातून बाहेर पडायला नि परत लागायला याच्यासारखं सुख नाही, बोलणं ऐकू येतं! पण तुमच्या १२०० किलोला, उलट्या वाऱ्यात आणि खडक जवळ असताना, मी त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही.

प्रतिसाद ३
पंख्याकडेही बघा. इंजिनसोबत येतो तो बहुधा हलक्या, पळणाऱ्या बोटींसाठी असतो. तुम्हाला कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, हवा. तो जड होडी ढकलतो आणि रिव्हर्समध्ये थांबवतोही. तोहात्सूचं ६ एचपी सेलप्रो तसा पंखा, लांब शाफ्ट आणि बॅटरी चार्जिंगसकट येतं.

धागाकर्ता
आत्ताच मोजून आलो. पाण्यापर्यंत १४ इंच. जुना शाफ्ट १५ चा निघाला!

प्रतिसाद १
मग उलगडलं सगळं. पंख्यावरची आडवी पट्टी जेमतेम १ इंच पाण्याखाली होती. २० घेतलात तर ६ इंच, २५ घेतलात तर ११. तुमच्याकडे माणूस नाळेवर जातोच, म्हणून २५ घ्या. फक्त इंजिन वर उचललं की पंखा पाण्याबाहेर पूर्ण येतो का आणि सुकाणूला अडत नाही ना, ते आधी तपासा.

फोर-स्ट्रोक आडवं ठेवताना खुणेची बाजूच खाली, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवा. आणि सुरू केल्या केल्या मागची, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार बघायची. धार नसेल तर लगेच बंद करा, इम्पेलर (ते पाणी ओढणारं पंपातलं चक्र) गेलेला असू शकतो.

धागाकर्ता
६ एचपी, २५ इंच, कमी पिचचा पंखा. ठरलं. ब्रॅकेटला २७ किलो झेपतात का ते उद्या बघतो, जुनं इंजिन बरंच हलकं होतं.