हॉलस्टॅटला एक रात्र तरी राहाच

ऑस्ट्रियात साल्झबुर्ग शहरात मुक्काम ठेवून तळ्याकाठचं हॉलस्टॅट गाव एका दिवसात करावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत विचाराल तर एक रात्र तिथेच काढा. दुपारी टूरच्या बसेस येतात आणि त्या चिंचोळ्या रस्त्यावर चालणंही कठीण होतं. संध्याकाळी त्या परतल्या की गाव मोकळं होतं.

रेल्वेने जाताना आम्ही आटनांग-पुखहाइम स्टेशनला गाडी बदलली. आधी डावीकडची खिडकी धरा, ट्राउनझे तळं दिसतं. शेवटी उजवीकडे या, हॉलस्टॅटचं तळं लागतं. स्टेशन पलीकडच्या काठावर आहे, तिथून बोटीने गावात. ते पाच-दहा मिनिटांचं पाणी फार सुंदर आहे!

मिठाची खाण सगळेच बघतात, बघावीच. पण वरच्या चर्चमागचं अस्थिगृह चुकवू नका. डोंगर आणि तळ्यामध्ये दफनाला जागाच नाही, म्हणून काही वर्षांनी जुनी थडगी उकरून हाडं इथे आणत. ६०० हून जास्त कवट्या रंगवलेल्या आहेत: कपाळावर नाव, भोवती फुलापानांची नक्षी, एका घरातल्या शेजारीशेजारी. हिला आत यायचंच नव्हतं, पण मग तीच एकेक नाव वाचत राहिली. भीती वाटत नाही, माया जाणवते.

बोट गाड्यांच्या वेळेनुसार चालते आणि संध्याकाळी लवकर थांबते. उशिरा पोचणार असाल तर शेवटची फेरी आधीच बघून ठेवा.