वेड्यावाकड्या आराखड्याच्या आर.सी.सी. इमारतींना परवानगी नाकारावी का?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

26 जानेवारी 2001 चा भूकंप कच्छमध्ये झाला, तरी त्याच्या केंद्रापासून 200 किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली आर.सी.सी. इमारती कोसळल्या. त्यांपैकी बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरचे मजले तळमजल्याच्या रेषेबाहेर काढलेले होते आणि कडेचे कॉलम पायापर्यंत न जाता पहिल्या मजल्याच्या बाहेर आलेल्या बीमवरच संपत होते. पुणे, ठाणे, नाशिक ही तिन्ही शहरे 2016 च्या भूकंप मानकानुसार तिसऱ्या (मध्यम धोक्याच्या) भूकंप क्षेत्रात येतात आणि तिथल्या पुनर्विकासाच्या आराखड्यांत आज एल किंवा यू आकार, एका टोकाला लिफ्टचा गाभा (लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती) आणि खाली स्टिल्ट, म्हणजे पार्किंगचा मोकळा तळमजला, असे सगळे एकत्र पाहायला मिळते. अशा आराखड्यांना महापालिकांनी सरळ नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वास्तुरचना

आपली कळकळ मान्य आहे, पण मागणी मान्य नाही. शहरात भूखंड चौकोनी मिळत नाहीत, आणि मोठ्या भूखंडावर ठोकळेबाज चौकोन उभारला तर मधल्या खोल्यांना ना उजेड मिळतो ना वारा. एल आणि यू आकार त्या गरजेतून येतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरे पडली, ती दगडमातीच्या जाड भिंतींची साधी, बैठी घरे होती. त्या जिवांचा घात आराखड्याने नव्हे, बांधणीने केला. शिवाय आयएस 1893 या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकात अनियमित इमारतींचे प्रकार नेमके सांगितलेले आहेत आणि त्यांच्यासाठी अधिक काटेकोर विश्लेषणही सांगितले आहे. जे हिशेबात बसवता येते, त्यावर बंदी कशासाठी?

शियरवॉल

किल्लारीचा दाखला इथे लागू होत नाही, कारण न सांधलेल्या दगडांची भिंत आणि कॉलम-बीमची चौकट यांची मोडण्याची रीतच वेगळी आहे. लिफ्टचा काँक्रीटचा गाभा एका टोकाला असला की इमारतीचा ताठरपणा त्या बाजूला गोळा होतो, वजन मात्र सगळ्या मजल्यावर पसरलेले राहते. त्यामुळे हादरा बसताच इमारत नुसती झुलत नाही, त्या गाभ्याभोवती पिळली जाते आणि सर्वांत दूरच्या कोपऱ्यातील कॉलमला सर्वाधिक सरकावे लागते. निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात 1972 च्या डिसेंबरमध्ये याची जणू परीक्षाच झाली. सेंट्रल बँकेच्या इमारतीचे गाभे एका टोकाला होते, तिचे मोठे नुकसान झाले. जवळच असलेल्या बँक ऑफ अमेरिकाच्या (बांको दे आमेरिका) उंच इमारतीत चार गाभे मध्याभोवती सममितीने मांडलेले होते, ती किरकोळ नुकसानीवर निभावली. विश्लेषण करून पीळ मोजता येतो, नाहीसा करता येत नाही.

साइटवरचा

मी बांधकामावर देखरेख करतो आणि सरसकट बंदीच्या विरोधात आहे. एल आकाराच्या दोन भुजा मध्ये जोड, म्हणजे मोकळी फट, ठेवून वेगळ्या केल्या की दोन साधे आयत उरतात आणि आतल्या कोपऱ्यात साचणारा ताण संपतो. अर्थात तो जोड मोकळा राहिला पाहिजे. शटरिंगच्या फळ्या आणि मसाला त्या फटीत तसाच सोडून वर पत्रा ठोकलेला मी पाहिला आहे; अशा इमारती भूकंपात एकमेकींवर आदळतील. कॉलमच्या रिंगांचेही (उभ्या सळयांभोवतीच्या लोखंडी वेढ्यांचेही) तेच. रिंगेचे टोक 135 अंशांत आत वळवून कॉलमच्या आतल्या काँक्रीटमध्ये रुतवायचे असते, पण सळया बांधणारा फिटर घाईत ते 90 अंशांवर सोडतो. बाहेरचे काँक्रीट निखळले की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. ही चूक चौकोनी इमारतीलाही तितकीच भोवेल. नकाशावर नकाराचा शिक्का मारून ती कशी थांबणार?

कोयनाकाठ

जोडाचा मुद्दा मला पटला, म्हणून एल आणि यू आकारांवरील बंदीची मागणी मी मागे घेतो. अधांतरी (पायापर्यंत न जाता बीमवरच संपणारे) कॉलम आणि भिंतीविना स्टिल्ट यांबाबत मात्र मी ठाम आहे. वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती असल्याने ते एकसंध पेटीसारखे हलतात आणि सगळी सरक तळमजल्याच्या उघड्या कॉलमांवर येते. त्या कॉलमांची डोकी आणि तळ मोडले की वरची पेटी अखंडच खाली बसते. आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीनुसार तिसऱ्या क्षेत्रात अशा मोकळ्या मजल्यात दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती हव्यात, आणि प्रत्येक दिशेतील भिंतींचे छेदक्षेत्र (नकाशावर त्यांनी व्यापलेली जागा) मजल्याच्या क्षेत्राच्या किमान 2 टक्के हवे. त्या भिंती मंजुरीच्या नकाशावर दिसल्याच पाहिजेत.

वास्तुरचना

इतक्यापुरते आपण एकमत आहोत, पण अडचण पुढे आहे. त्या भिंती नेमक्या गाड्यांच्या जागेत येतात. विकास नियंत्रण नियमावलीनुसार ठरलेल्या संख्येइतक्या गाड्यांची जागा नकाशात दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, आणि चार गाड्या कमी पडल्या की विकासक आधी भिंतीवरच बोट ठेवतो. स्टिल्टमध्ये भूकंपरोधक भिंती घेणाऱ्या इमारतींना पार्किंगच्या संख्येत सवलत मिळावी, अशी मागणी आपण धाग्यात जोडणार असाल, तर माझा विरोध उरत नाही.