मदत हवी आहे: किनारपट्टीच्या सायकल सफरीसाठी छोटं मल्टीटूल कोणतं घ्यावं?

सागरी_मार्ग:
येत्या शुक्रवारी दापोलीहून निघून दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे करत रत्नागिरीला जायचंय. खिशात मावेल असं हलकं मल्टीटूल हवंय. एकात १० अवजारं आहेत, दुसऱ्यात १९, किमतीत बराच फरक. चेन ब्रेकर (चेनची पिन ढकलून काढायचं अवजार) खरंच लागतो का? कृपया थेट नाव सांगा, ऑर्डर आजच टाकली तर वेळेत पोचेल.

घाटवाट:
सायकल कोणती? मागे किती गिअर? ब्रेक डिस्क की रिम (चाकाच्या कडेवर दाबणारा)? चाकं क्विक रिलीजची (हाताच्या खटक्याने सुटणारी) की नटांची?

सागरी_मार्ग:
साधी हायब्रिड आहे. नाव सांगा ना.

सड्यावरचा:
क्रँकब्रदर्स एम१९. २ पासून ८ मिमीपर्यंतच्या अ‍ॅलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टसाठी), टी१०, टी२५ (चांदणीसारख्या खाचेच्या स्क्रूसाठी), चेन ब्रेकर, स्पोक की, सगळं १७५ ग्रॅममध्ये. घ्या आणि निघा.

पाना_पक्कड:
घडीचं टूल खिशाला बरं, हाताला नाही. बॉटल केजच्या (बाटलीच्या स्टँडच्या) किंवा डिरेलरजवळच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाजवळच्या) बोल्टला लावलं की टूलचं अंग फ्रेमला अडतं, पाव फेरा फिरवून काढायचं, परत लावायचं. दांडा आखूड, त्यामुळे जाम बोल्टवर जोर पडत नाही. की तिरकी बसली तर बोल्टचं डोकं आतून गुळगुळीत होतं, मग तो निघतच नाही. ४, ५, ६ च्या सुट्ट्या एल आकाराच्या की, एक टी२५ आणि वेगळा छोटा चेन ब्रेकर घ्या. पैसेही वाचतील.

सड्यावरचा:
सुट्टी की गवतात पडली की शोधत बसा. जाम बोल्ट निघण्याआधी घरी सोडवून ग्रीस लावून ठेवायचे असतात, ते काम रस्त्यावरचं नाही.

खाडीकाठ:
एवढा विचार कशाला? वाटेत गावोगावी पंक्चरवाले आहेत. टायर लिव्हर आणि ट्यूब ठेवा, बस झालं.

घाटवाट:
खाडीकाठ, पंक्चरवाल्याकडे पाने असतात ते मोटारसायकलचे. टी२५ किंवा गिअरच्या सायकलची चेन तोडायचं अवजार तिथे मिळेलच असं नाही. आणि हेदवी ते तवसाळ सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) काही झालं तर दुकानापर्यंत ढकलत न्यायचं का?

चेन ब्रेकरबद्दल. या रस्त्याला दर खाडीपाशी उतार आणि पलीकडे लगेच चढ. चढावर जोरात पेडल मारताना गिअर बदलला की बाहेरची पट्टी पिनेवरून सुटते. चेन तुटते ती बहुतेक अशीच. बरेच जण म्हणतात क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) जवळ असली की झालं, पण वाकलेली बाहेरची पट्टी पिनेसकट काढल्याशिवाय क्विक लिंक बसणारच कुठे? पिना ब्रेकरने ढकलून काढा, दोन्ही टोकांना आतल्या कड्या राहतील, त्यात लिंक लावा. फक्त बाहेरची कडी गेली असेल तर लांबी तेवढीच राहते. आतलीही वाकली असेल तर तीही काढावी लागते, चेन एक इंचाने आखूड होते. मग पुढे मोठी आणि मागेही मोठी दातेरी चकती एकदम लावू नका, डिरेलर ओढला जाऊन तुटेल. डिरेलरच मोडला तर चेन आखूड करून मधल्या चकत्यांवर एकच गिअर करता येतो, त्यालाही ब्रेकरच लागतो.

आता तरी मागे किती गिअर ते सांगाल का? त्यावर लिंक ठरते.

सागरी_मार्ग:
मागे ८, पुढे ३. डिस्क ब्रेक, केबलवाले. पुढे क्विक रिलीज, मागे नट आहेत.

घाटवाट:
मागे नट! मग एम१९ असो की दुसरं काही, पंक्चर झालं तर मागचं चाक त्याने उघडणार नाही. त्यात ८ आणि १० चा पाना आहे, तुमचा नट बहुधा १५ चा असेल. हार्डवेअरच्या दुकानात १४-१५ चा दुतोंडी पाना मागा. आधी नटावर बसवून बघा, मग पैसे द्या. क्विक लिंक ६/७/८ स्पीड असं लिहिलेली घ्या, ९ ची अरुंद असते.

पाना_पक्कड:
पाना वेगळा न्यायचाच आहे तर सुट्ट्या की का नकोत?

मीठपाणी:
कोणती धातू ते कुणी बोललंच नाही. पोलादी टूलवरचा मुलामा टोकाशी आधी झिजतो आणि खाऱ्या हवेत तिथूनच तांबेरा चढतो. मशीन ऑइलचा हात फिरवून जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळा. जयगडच्या फेरीबोटीवर चढताना रॅम्पवर खारं पाणी असतं, मुक्कामी चेनवर गोडं पाणी मारून पुसा आणि तेल द्या.

भरती_ओहोटी:
अवांतर: फेरीबोटीत सायकल कडेला लावून मागचा ब्रेक रबराने आवळून ठेवा. दाभोळहून धोपाव्याला उतरलात की लगेच चढ आहे, खालीच गिअर हलका करा.

टायरवाला:
मी तर म्हणेन ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) भरा, मल्टीटूलची गरजच पडणार नाही.

सड्यावरचा:
सीलंटने तुटलेली चेन जुळत नाही, टायरवाला. आणि टायरची कड चिरली तर सीलंट बाहेरच येतं.

मीठपाणी:
दमट हवेत सोल्यूशन वाळायला वेळ लागतो. ट्यूब खरवडा, घाम पुसा, पातळ थर द्या आणि चकाकी जाईपर्यंत थांबा. ओल्यावर पॅच दाबला तर सुटणारच. म्हणून वाटेत नवी ट्यूब घाला, पॅच मुक्कामी लावा. एकदा फोडलेली सोल्यूशनची नळी आतून सुकते, निघताना दाबून बघा.

सागरी_मार्ग:
एम१९ ऑर्डर केलं. १४-१५ चा पाना दापोलीत घेतो. स्पोक तुटला तर?

घाटवाट:
तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळा आणि चालवत राहा. डिस्क ब्रेक आहे, चाक थोडं वाकडं फिरलं तरी ब्रेकला घासत नाही. फ्रेमला घासत असेल तरच शेजारचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा. उतारांवर ब्रेकचे पॅड झिजून ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकायला लागला तर नुसती केबल ओढू नका. आतलं पॅडही डिस्ककडे आणावं लागतं, त्याचा स्क्रू कुठे अ‍ॅलनचा असतो, कुठे टी२५ चा. कुठला ते आधीच बघा.

आणि गुरुवारी घरी मागचं चाक एकदा काढून परत लावा. आधी चेन सगळ्यांत लहान चकतीवर घ्या. लावताना नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा, एकच बाजू आधी पक्की केली तर चाक तिरकं बसतं आणि डिस्क घासते.

पाना_पक्कड:
त्याच वेळी नवं टूल बॉटल केजच्या बोल्टला पोचतं का तेही बघा. नाही पोचलं तर ४ ची सुट्टी की घ्याच.