चटणीच्या पुडीवर 'मोदक' शोभतो का?

धागाकर्ता, नवी पेठ, सोलापूर
शेंगा चटणीच्या पुडीचं काम आलंय, बचत गटाचं. नाव मी 'मोदक' फॉन्टमध्ये टाकलं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट 2015 मध्ये गूगल फॉन्ट्सवर आला. मुक्त परवाना, धंद्यासाठीही फुकट. अक्षरं इतकी गुबगुबीत की पोटात मोकळी जागा उरतच नाही, नुसती बारीक चीर. 'शेंगा' लिहिलं की दाण्यांनी टरारलेली शेंगच दिसते. गटातल्या ताईंना एका नजरेत आवडलं. माझं म्हणणं, दुकानातल्या मांडणीत लांबून ओळखू येणारं असं हसरं, जुन्या धाटणीचं अक्षर आपल्या मालाला हवंच.

पाटी पेंटर, 40 वर्षं
हसरं आहे, मान्य. पण जुनी धाटणी कुणाची? हे गोल, फुगीर वळण मला थेट कूपर ब्लॅकचं वाटतं. तो इंग्रजी फॉन्ट ऑसवल्ड कूपरचा, 1922 चा, अमेरिकेतला. सोलापूरचं जुनं अक्षर मी हाताने काढलंय. चुन्याची दोरी ओढून वर-खाली दोन रेघा, चपट्या ब्रशने उभा दांडा, मग उजवीकडून लाल शेड. नावात 'ट' आला की शेवटचं वळण मी थोडं लांबवायचो, म्हणजे पाटीचा कोपरा भरायचा. तुझ्या पुडीवर तोच 'ट' दहा वेळा आला तरी दहाही वेळा सारखाच. ते मला खटकतं. अक्षराला शेजारी कोण आहे हे कळायला हवं.

धागाकर्ता
काका, तुमच्या हाताला तोड नाही. पण गटाचं बजेट बघा की ओ. पुडी, स्टिकर, व्हॉट्सॲपचं चित्र, सगळीकडे तेच नाव लागतंय. दर वेळी कुठून रंगवून आणू?

छपाईवाला, अशोक चौक
मी दोघांच्याही विरोधात. नाव मोठं असेपर्यंत 'मोदक' छान. पण खाली 'घरगुती' त्याच फॉन्टमध्ये, बोटाच्या पेराएवढं टाकलंय. शाई पसरली की चिरा बुजतात. 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक उरतो तो शिरोरेषेतल्या फटीचा, ती आहे की नाही तेच कळेना. नमुन्यात मी 'धरगुती' वाचलं. घटक पदार्थ, वजन, तारीख साध्या अक्षरात घ्या. ही माझी विनंती नाही, अट समजा.

पूर्व भागातली वाचक
आमच्या घरी आई तेलुगू वाचते, शेजारी कन्नड. पुडीवर तिन्ही लिप्या येणार असतील तर 'मोदक' तिथेच थांबेल. त्याच 'एक टाइप'चा 'बलू' फॉन्ट बघा: तेलुगूसाठी 'बलू तम्मुडू', कन्नडसाठी 'बलू तम्मा'. तम्मुडू म्हणजे आमच्यात धाकटा भाऊ. गुबगुबीतपणा कमी, पण तिन्ही अक्षरं एकाच घरची दिसतात. सोलापुरात विकायचं तर मला हेच मोलाचं वाटतं.

पाटी पेंटर
ही पोरगी बरोबर बोलायलीय. मी तेलुगू पाट्याही रंगवल्यात, एका हाताने दोन्ही लिप्यांना एक चाल देता येते. फॉन्टला तेवढं जमत असेल तर मी गप्प बसतो. पण 'शेंगा' या एका शब्दासाठी माझ्याकडे ये. कागदावर काढून देतो, तू स्कॅन कर. पैसे नकोत. बाकीचं 'बलू'त टाक.

धागाकर्ता
काका, उद्या अकराला येतो. 'घरगुती' आत्ताच बदललं. गटाच्या ताईंना मात्र अजून 'मोदक'च हवाय, त्यांनाही सोबत आणतो.